दोर तपासून घ्या

(धम्मचक्र प्रवर्तनदिनानिमित्त अंबाजोगाईत तरुणांची बैठक झाली. त्या बैठकीतल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)



मला दिलेला विषय चिठ्ठीवर असा लिहिलेला होता : बदलत्या काळात परंपरेतलं आध्यात्मिक ज्ञान आपल्याला वाट दाखवू शकतं का? विषय पंडितांचा आहे. मी दहावी पास माणूस. मुंबईच्या गोदीत कंत्राटावर काम करतो. आजोबा १९७२ च्या दुष्काळात केज तालुक्यातलं गाव सोडून गेले, गोदीत हमालीला लागले. त्यांच्या काळात एका बोटीवर टोळ्याच्या टोळ्या राबायच्या. कंटेनर आला, माणसं कमी झाली. जे उरलंय ते आम्ही करतो. कविता करतो, ती पाळी संपल्यावर.

तेव्हा या विषयावर मी ग्रंथाच्या बाजूनं बोलू शकत नाही. वजन उचलणाऱ्याला एक अक्कल येते, तेवढी माझ्यापाशी आहे. गोदीत क्रेनच्या आकड्याला माल लावण्याआधी स्लिंग बघतात. तार तुटलीय का, पीळ सुटलाय का, किती टनाचा शिक्का आहे. तो दोर किती जुना, कुणाच्या आज्यापासून चालत आला, त्याला हळदकुंकू वाहिलंय का, हे कुणी विचारत नाही. कारण दोराखाली माणसं उभी असतात.

ज्ञान हासुद्धा दोरच आहे. त्याला आपण आपला जन्म लटकवतो, पोराबाळांचा लटकवतो. मग तो तपासायला लाज कसली? कुणी म्हणेल, संतांची परीक्षा घेणारा तू कोण? मी दोराखाली उभा असणारा. तेवढा अधिकार मला पुरतो.

आता हा प्रश्न आजच का, ते सांगतो. आज धम्मचक्र प्रवर्तनदिन. पंधरा-वीस दिवसांत आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, गेवराई, गाड्याच्या गाड्या भरतील. कोल्हापूर, सांगली, कर्नाटक. गावं ओस पडतील, म्हाताऱ्यांच्या गळ्यात पोरं पडतील. उसात हार्वेस्टर शिरलाय, तो आमच्या कंटेनरसारखाच माणसं खाणार. शिकलेलं पोरगं बेकार आहे, आणि त्याच्या हातातल्या मोबाईलवर दिवसरात्र प्रवचन चाललंय. मन शांत ठेव, नाम घे, प्रारब्ध भोगून संपव. ज्याला नोकरी नाही, जमीन नाही, त्याला सगळ्यांत आधी शांती देतात. शांती स्वस्त पडते ना.

वडीलधारी माणसं आपल्याला समजावतात, बाबांनो, चिडता कशाला? सगळं आपल्या संतांनी सांगून ठेवलंय. समता सांगितली, दया सांगितली. ते नुसतं आचरणात आणा. मी हे म्हणणं हसण्यावारी नेणार नाही. सांगितलंय खरंच. प्रश्न एवढाच की सांगितलेलं कुठपर्यंत पोचलं आणि कुठं अडलं.

लांब जायला नको, याच अंबाजोगाईपासून धरू. इथं मुकुंदराजांची समाधी आहे. 'विवेकसिंधु' शके १११० चा, म्हणजे ११८८ चा मानतात. काही अभ्यासकांना तो काळ मान्य नाही, तरी मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून शाळेत आपल्याला तोच शिकवला. त्यात अद्वैत सांगितलंय. जीव आणि ब्रह्म वेगळं नाही, भेद हा भ्रम आहे. चारशे वर्षांनी याच गावात दासोपंत झाले, १५५१ ते १६१५. त्यांची पासोडी प्रसिद्ध आहे. सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद कापड, त्यावर पंचीकरण लिहिलेलं. पासोडी म्हणजे गरिबाचं जाडंभरडं पांघरूण. त्या पांघरुणावर ज्ञान लिहिलं, ही गोष्ट मला कवी म्हणून आवडते. माणसाच्या हातची चिकाटी आहे ती. पण ते सूत कातलं कुणी, कापड विणलं कुणी, त्यांची नावं आपल्याला शाळेत कुणी सांगितली नाहीत.

आणि पंचीकरण काय सांगतं? पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. या पाच भूतांपासून जग झालं, देह झाला. राजाचा देह त्याच पाचांचा, भिकाऱ्याचा त्याच पाचांचा. ठीक. आता मी गोदी कामगाराचा प्रश्न विचारतो. पाणी हे त्या पाचातलं एक. मग पाणवठा वेगळा कसा? पृथ्वी त्या पाचातली एक. मग आमच्या वाट्याला सातबारा का नाही? अग्नी त्या पाचातला एक. मग मसणवटा वेगळा कसा, आणि तिथं जायच्या वाटेवरून मयत अडवतात ती कशी? गावात हे ज्ञान शेकडो वर्षं नांदलं, आणि त्याच गावाच्या वेशीबाहेर महारवाडा, मांगवाडा शेकडो वर्षं नांदला. दोघांचं एकमेकांशी कधी भांडण झालं नाही. ज्या ज्ञानाचं अन्यायाशी भांडणच होत नाही, त्याला मी वाटाड्या कसा म्हणू?

कुणी म्हणेल, हे ब्राह्मणी ज्ञान झालं, वारकरी संतांचं तसं नाही. बरं, चोखोबा घेऊ. आपला माणूस. मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना भिंत कोसळली, तिच्याखाली चोखोबा गेला असं परंपरा सांगते, साल १३३८. वेठीचं काम करताना मेला, हे ध्यानात ठेवा. आमच्याकडं असं मेलं तर त्याला अपघात म्हणून रजिस्टरला नोंद होते. नामदेवांनी त्याची हाडं पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर समाधी दिली. नामदेवांचं मन मोठं. पण समाधी दाराच्या बाहेर. आणि ते दार आपल्या लोकांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावं लागलं. १३३८ ते १९४७. सहाशे नऊ वर्षं. या सहाशे नऊ वर्षांत दर आषाढीला लाखो लोक चोखोबाच्या समाधीवरून आत गेले. अभंग गात गेले. समता त्यांच्या तोंडात होती. दार बंदच होतं.

म्हणून चोखोबा खोटा ठरतो का? अजिबात नाही. चोखोबाची बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळं घर कवींचं. बाप देवापुढं रडतो, पोरगं देवाला जाब विचारतं. एका पिढीत केवढा फरक पडला बघा. हे आपलं धन आहे. बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या उगमावरचं आपलं पुस्तक १९४८ साली काढलं, ते नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केलं. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी धर्म बदलला. पुस्तक अर्पण करणारा हात आणि दीक्षा घेणारा हात एकच. चोखोबाला मान दिला, पण त्याच्या दोरानं वर चढायचं नाकारलं. त्या दोराला सहाशे वर्षं वजन लावून बघितलं होतं, तो दाराशीच संपत होता.

आता ज्यांचा दोर पुढं गेला त्यांच्याकडं बघू. जोतिबा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ईश्वराला ते निर्मिक म्हणत, सार्वजनिक सत्यधर्म त्यांनी लिहिला. म्हणजे श्रद्धा होतीच. पण ती हौदापर्यंत चालत आली. गाडगेबाबांनी कीर्तन हीच जुनी चीज हातात घेतली, आणि त्याच्या जोडीला खराटा घेतला. कीर्तनात ते प्रश्न विचारायचे, कर्ज काढून लग्न करू नका, पोराला शाळेत घाला सांगायचे. पंढरपुरात त्यांनी देऊळ बांधलं नाही, चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. जुनं भांडं, पण त्यात काय शिजवलं ते बघा. आणि २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यालं, तेव्हा पंचीकरणावरचा वाद एका ओंजळीत मिटला.

धर्माचं नाव बदललं म्हणून पाणी आपोआप मोकळं होत नाही, हेही लक्षात असू द्या. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांबरोबर निजामाच्या राज्यातून वेरूळला निघाले होते. दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदावर त्यांनी हातपाय धुतले, तर पाणी बाटवलं म्हणून मुसलमानांचा जमाव धावून आला. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. आपल्या मराठवाड्यातली गोष्ट आहे. म्हणून दोर कुणाच्याही घरचा असो, तपासायचाच.

आता उसाच्या फडात चला. इथं ज्ञान जास्त कळतं.

नवराबायको मिळून एक कोयता. माणसं दोन, मोजणी एक. उचल मुकादमाकडून घ्यायची, ती नवऱ्याच्या नावावर. एक दिवस पडून राहिलं तर खाडा, खाड्याचा दंड. पहाटे चारला उठून बाई कोपीत चूल पेटवते, फडात मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढते. पाळी आली तरी तेच. पाणी नाही, आडोसा नाही. अंगावरून जातंय, पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात गेली की पिशवी काढून टाका. २०१९ साली ओरड झाली, राज्य सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ बायांची गर्भाशयं काढलेली निघाली. सहातली एक. कित्येक तिशी-पस्तिशीच्या.

आता परंपरेतलं ज्ञान इथं काय म्हणतं ऐका. ते बाईला सांगतं, तुझ्या अंगातलं रक्त विटाळ आहे, चार दिवस लांब बस. आणि मुकादम म्हणतो, चार दिवस लांब बसलीस तर खाडा लागेल. एक म्हणतो तुझं शरीर अपवित्र, दुसरा म्हणतो तुझं शरीर तोट्याचं. जुनं शास्त्र आणि नवा बाजार, दोघांची गाठ बाईच्या पोटात पडली आणि डॉक्टरनं ती कापून काढली. म्हणून मला कुणी सांगू नये की परंपरा एकीकडं आणि आधुनिकता दुसरीकडं. फडात त्या दोघी एकाच गाडीत बसून येतात.

आणि याच परंपरेत सहाशे वर्षांपूर्वी सोयराबाई उभी आहे. विटाळ देहातच जन्मत असेल तर विटाळाशिवाय जन्मलेला एक तरी देह दाखवा, असा तिचा सवाल आहे. या सवालाचं उत्तर कोणत्याही कीर्तनात आजवर मला ऐकू आलं नाही. सोयराबाईचं नाव घेतात, तिचे अभंग चालीवर म्हणतात, सवाल तेवढा गिळतात. मी म्हणतो, तिचा सवाल उचला. फडात नेऊन मुकादमापुढं ठेवा. तेव्हा ते ज्ञान होईल. नाहीतर ती नुसती चाल.

कर्म करत राहा, फळाचं बघू नका, हा उपदेश आपल्याला फार करतात. मी कंत्राटदाराच्या हापिसात भिंतीवर ते चित्र पाहिलंय. रथ, घोडे, सगळं. पगार वेळेवर मागायला गेलेल्या माणसाला त्या चित्राखाली उभं करतात. त्या कंत्राटदाराला मात्र फळ दर महिन्याच्या सात तारखेला बरोबर दिसतं.

आता आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाची गोष्ट सांगतो. एकनाथ आवाड. लोक त्यांना जिजा म्हणत. मांग समाजात जन्म, वडील पोतराज. पोतराज म्हणजे काय ते इथं कुणाला सांगायला नको. वाढवलेले केस, कमरेला चिंध्यांचा घेर, हातात आसूड, डोक्यावर मरीआईचा देव्हारा, बाजूला हलगी. पटकी आली की मरीआई कोपली, तिला शांत करायला पोतराजानं स्वतःच्या अंगावर फटके मारून घ्यायचे. गावची पटकी, पाठ मांगाची. पटकी गढूळ पाण्यानं होते, ती चांगल्या पाण्यानं नि औषधानं हटते, हे कळून जमाना झाला. तरी आसूड चालूच. हेही परंपरेतलं आध्यात्मिक ज्ञान बरं का. पंडितांच्या यादीत ते येत नाही, पण आपल्या वाट्याला हेच आलं.

जिजांनी पोतराजांच्या जटा कापायची मोहीम चालवली. देवीचा कोप होईल म्हणून लोक घाबरत होते. कोप काही झाला नाही. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत, हे महत्त्वाचं. नुसते केस कापले तर माणूस देवीपासून सुटतो आणि उपाशी राहतो. मानवी हक्क अभियान काढलं, गायरान जमिनीचा लढा उभा केला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय सरकारनं १९९१ साली काढला होता. तो कागदावर होता. कागद जमिनीपर्यंत आणायला माणसं लागली. मार खावा लागला, पिकं जाळली गेली, खटले झाले. त्याआधी दादासाहेब गायकवाडांचा १९५९ चा आणि १९६४ चा भूमिहीनांचा लढा होताच. जिजांनी पुढं बौद्ध धम्म घेतला. २०१५ साली ते गेले. ज्या हातात आसूड यायचा तो हात नांगराच्या रुमण्यावर आला, हा बदल आपल्या जिल्ह्यात आपल्या डोळ्यांदेखत झाला. त्याला कुठल्या गडाचा आशीर्वाद लागला नाही.

गडांचं नाव निघालंच आहे तर बोलतो. भगवानगड, नारायणगड, गहिनीनाथगड. कष्टकरी, कोरडवाहू शेतकऱ्यांना या गडांनी आधार दिला. ऊस तोडून आलेला माणूस तिथं माथा टेकवतो तेव्हा त्याला कुणी हीन म्हणत नाही. माणसाला ताठ बसवणारी गोष्ट मी तुच्छ मानत नाही. पण आज त्या आधाराचं काय झालं? २०२४ च्या दसऱ्याला एकाच जिल्ह्यात एकाच दिवशी दोन मेळावे झाले, एक नारायणगडावर, एक सावरगावात. दोन्हीकडं संतांचा जयजयकार आणि दोन्हीकडं जातीची गर्दी मोजणं. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये माजलगावात, बीडमध्ये घरं पेटली. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगला पवनचक्कीच्या प्रकल्पावरच्या एका पहारेकऱ्याला मारहाण झाली, गावचा सरपंच त्याच्या बाजूनं मधे पडला. तीन दिवसांनी त्या सरपंचाचा खून झाला. सरपंच एका जातीचा, पहारेकरी दलित. एक माणूस दुसऱ्या माणसासाठी उभा राहिला होता. एवढा चांगला धडा समोर असताना जिल्ह्यानं काय केलं? आडनावं मोजली. मारणाऱ्याचं कोणतं, मरणाऱ्याचं कोणतं. दुकानात सौदा घेतानासुद्धा जात बघू लागले. सप्ताह त्या गावोगावी चालूच होते. पारायणं चालू होती. ज्ञानानं वाट दाखवायची वेळ ती होती, आणि ज्ञान पंगतीला बसलं होतं.

पंगतीचं म्हणाल तर तेही सांगतो. मी गावी आलो होतो, सप्ताहाची सांगता होती. काल्याचं कीर्तन छान झालं, महाराजांनी सगळ्यांचं रक्त एक आहे म्हणून सांगितलं. मग महाप्रसाद. आमच्या वस्तीतल्या लोकांना कुणी उठ म्हणालं नाही. नुसतं म्हणाले, तुम्ही निवांत बसा, गर्दी ओसरली की वाढू. आता असं गोड बोलतात. काठी गेली, 'निवांत बसा' आलं. माझ्या चुलत्यानं पत्रावळ खाली ठेवली आणि म्हणाला, 'चला रं, घरी भाकरी हाय.' चुलता अंगठेबहाद्दर आहे. त्यानं विवेकसिंधु वाचलेला नाही. विवेक तेवढा त्याच्याजवळ होता.

आता आपल्या घराकडं वळू. दुसऱ्याचा दोर तपासायचा आणि आपला पुजायचा, हे चालणार नाही. बुद्धानं स्वतः सांगून ठेवलंय की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणतो म्हणून काही मानू नका. अनुभवानं बघा, लोकांच्या भल्याचं असेल तर घ्या. कालाम लोकांना त्यानं हे सांगितलं. आणि तराफ्याची गोष्ट. नदी ओलांडायला तराफा बांधला, पलीकडं गेल्यावर तो डोक्यावर घेऊन हिंडू नये. आपला धम्मसुद्धा तराफा आहे, असं तो म्हणतो. जगातल्या किती धर्मसंस्थापकांनी स्वतःच्या शिकवणीबद्दल असं म्हटलंय? मी गोदीतला माणूस. माल उतरल्यावर कुणी शिडी गळ्यात घालून घरी नेत नाही, म्हणून ही गोष्ट मला लगेच कळली.

पण आज काय दिसतं? विहाराला संगमरवर बसला आणि पुस्तकाच्या कपाटाला कुलूप. जयंतीला डीजेचं बिल भरायला वर्गणी होते, कोयत्यावर जाणाऱ्या पोरांसाठी गावात एक खोली नि एक शिकवणारा ठेवायला होत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली, बाबासाहेब गेल्यावर बाहेर आला. तो कपड्यात गुंडाळून ठेवला, फूल वाहिलं, की त्याचीही पासोडी झाली. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव १९७८ च्या जुलैत झाला आणि वस्त्या जळाल्या. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. सोळा वर्षं माणसं मेली ती त्या नावाखाली आपली पोरं शिकावीत म्हणून. पाटीला हार घालायला नव्हे.

मग परंपरेतलं सगळं फेकायचं का? माझी आत्या चाळीस वर्षं ऊस तोडायला जाते. तिला मी विचारलं, आत्या, मोळी उचलताना तुम्ही देवाचं नाव घेता, त्यानं मोळी हलकी होते का? ती म्हणाली, 'मोळी काय हलकी व्हती बाबा? मोळी हाय तेवढीच ऱ्हाती. पर गाणं म्हनलं की पाय उचलतो.' मला यापेक्षा नीट उत्तर कुणी दिलं नाही. गाण्यानं पाय उचलतो, हे खरं. पण पाय कुठं न्यायचा हे गाण्यात कोण घालतं?

याचं उत्तरही आपल्याच जिल्ह्यात आहे. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी जात्यावरच्या ओव्यांमध्ये बाबासाहेबांना आणलं. हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ यांनी गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यात १९९६ साली या भीमनगरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. विचार करा. ओवी तीच, ज्ञानेश्वरांची नि दासोपंतांची. जातं तेच, आईच्या आईचं. पण दळताना जिथं विठोबा यायचा तिथं भीम आला, शाळा आली, संविधान आलं. या बायांना कुणी परिसंवादाला बोलावलं नव्हतं. परंपरेचं काय करायचं हे त्यांनी पहाटे अंधारात ठरवून टाकलं. जातं ठेवलं, दाणा बदलला.

माझं म्हणणं एवढंच आहे. परंपरा हे अवजार आहे. वाट आपल्याला आपल्या भुकेनं, आपल्या विचारानं, आपल्या संघटनेनं काढायची आहे. त्या वाटेवर चोखोबाचं रडणं उपयोगी पडत असेल तर घ्या, सोयराबाईचा सवाल घ्या, गाडगेबाबांचा खराटा घ्या, बुद्धाची चिकित्सा तर घ्याच. कुणी ज्ञान घेऊन दारात आलं तर त्याला पाणी द्या, बसवा, आणि विचारा : महाराज, तुमचं ज्ञान पाणवठ्यावर येतं का? पंगतीत आमच्या शेजारी बसतं का? बाईच्या पोटावरची सुरी थांबवतं का? खून झाल्यावर आडनाव न विचारता माणूस म्हणतं का? हो म्हणाले तर त्यांच्यासोबत चला, ते कुठल्याही गडाचे असोत. घुटमळले तर राम राम घाला.

शेवटी कामाचं. टोळ्या निघायला पंधरा-वीस दिवस आहेत. इथं बसलेल्या प्रत्येक शिकलेल्या पोरानं नि पोरीनं आपल्या वस्तीतल्या जाणाऱ्या घरांची यादी करायची. उचल किती, मुकादम कोण, कारखाना कुठला, वहीत लिहायचं, आणि त्याची एक प्रत बाईच्या हातात द्यायची. कोयता एक असला तरी नावं दोन लिहायची. पहिलं नाव बाईचं लिहा. मागं राहणाऱ्या पोरांसाठी संध्याकाळी विहार उघडा ठेवायचा, कपाटाचं कुलूप काढायचं. पोटाचं दुखणं घेऊन कुणी बाई दवाखान्यात निघाली, तर तिच्यासोबत एक लिहितीवाचती पोरगी जाईल, आणि पिशवी काढायच्या आधी इथल्या सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं जाईल. हे करायला दीक्षा लागत नाही, डिग्री लागत नाही. एक वही आणि एक पेन लागतं.

वह्या मी येताना आणल्यात. दाराशी ठेवल्यात. जाताना एकेक घेऊन जा.

जय भीम.